आमची कसलीही तक्रार नाही

मी गाव सोडलं तेव्हा मला पोचवायला जवळच्या दिंद्रुडच्या बसस्टँडवर आमच्या वस्तीतली चाळीसेक माणसं आली होती. बायकांनी लग्नाला निघाल्यासारखी ठेवणीतली लुगडी नेसली होती. परराष्ट्र सेवा म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं नव्हतं. आधी मसुरीला प्रशिक्षण, मग दिल्ली, आणि तिथून सरकार धाडेल तो देश. वस्तीला एवढंच कळलं होतं की शिपायाची पोर आता देशाच्या वतीनं बोलणार.

शिपाई म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. गावच्या शाळेत त्यांनी उभी हयात घंटा वाजवली. शाळेला दोन शिपाई होते. घंटा, झाडलोट आणि टपाल दादांकडे, पिण्याच्या पाण्याचा माठ दुसऱ्याकडे. ही वाटणी कुठल्या कागदावर नव्हती आणि ती कुणी केली हे कुणी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मुख्याध्यापक हार घेऊन स्टँडवर आले होते. 'आमच्या शाळेचं नाव काढलं' असं चार लोकांत बोलले. मायनं घरून थर्मासमध्ये चहा आणला होता. सरांनी 'आत्ताच घेऊन निघालो' म्हणून कप परत केला. दादांनी तो कप घेतला आणि बाजूला उभं राहून स्वतः पिऊन टाकला.

धाकटा भाऊ आनंद माझी ट्रंक बसच्या टपावर बांधायला चढला होता. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. एकाच पोराला बाहेर ठेवून शिकवणं जमणार होतं म्हणून तो दहावीनंतर आयटीआयला गेला आणि मी औरंगाबादच्या कॉलेजात. पुढं तो विजेच्या खात्यात लाईनमन झाला. त्या दिवशी त्याचा चेहरा मला दिसलाच नाही, तो वर होता.

माय म्हणाली, "तिकडं लई थंड असतंय म्हणं. डोक्याला बांधीत जा." बस हलली तसा दादांनी, शाळेत साहेब आल्यावर न्यायचे तसा, हात कपाळाकडे नेला. पोटच्या पोरीला सलाम केला. गर्दीत कुणाला ते वावगं वाटलं नाही. मला वाटलं. मी मान खिडकीतून आत घेतली.

हे मी तुमच्यातल्या दोन्ही प्रकारच्या माणसांसाठी लिहिते आहे. जी तिथंच राहिली, आणि जी माझ्यासारखी निघाली, मग ती पुण्याला गेली असोत, आखातात असोत की कुठं बर्फात. राहिलेल्यांना वाटतं की गेलेल्यांचं बरं झालं. गेलेले तसं वाटू देतात. मीही पंचवीस वर्षं वाटू दिलं. गावाचं नाव मात्र मी इथं लिहीत नाही. माझ्या माणसांना अजून तिथंच राहायचं आहे.

माझं नाव संघमित्रा. घरात मित्रा. मसुरीच्या पहिल्या आठवड्यात एका सहकाऱ्यानं जेवणाच्या टेबलावर विचारलं, "मित्रा म्हणजे बंगाली का?" मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसतीच, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानं ती होकारार्थी घेतली. तिथं दर जेवणाला कुणीतरी कुणाचं तरी आडनाव चाचपून बघत असे. कुठल्या जिल्ह्याचे, तिथले म्हणजे कोणते, वडील काय करतात, परीक्षेत नंबर कितवा. शेवटचा प्रश्न असा विचारला जायचा की त्यातून आधीच्या सगळ्यांची उत्तरं मिळावीत. बंगाली असणं सोपं होतं. पुढं अनेकांना खरं कळलं, पण तोवर मी एक गोष्ट शिकून घेतली होती. उत्तर न देताही समोरच्याला समाधान वाटेल असं बोलायचं. राजनयात याला कौशल्य म्हणतात आणि गोपनीय अहवालात त्याचे चांगले गुण मिळतात.

परदेशी भाषा म्हणून मला स्पॅनिश शिकायला दिली. दोन वर्षांत मी ती अशी बोलायला लागले की माद्रिदचा टॅक्सीवाला फसावा. दुसऱ्या पोस्टिंगला माझ्याकडे प्रोटोकॉल आला. मेजवानीत कोण कुणाच्या उजव्या हाताला बसणार, कुणाच्या गाडीचं दार आधी उघडायचं, कुणाला दारापर्यंत घ्यायला जायचं आणि कुणाला खोलीतच भेटायचं. नवे अधिकारी यात हमखास चुकायचे. माझी कधी चूक झाली नाही. वरिष्ठांना कौतुक वाटायचं की ही खेड्यातून आलेली मुलगी इतकं अचूक कसं ओळखते. कुणी कुठं बसायचं आणि कुणी कुठं उभं राहायचं, हे मला पाचव्या वर्षापासून पाठ होतं.

मायदादांना मी एकदाच बोलावलं, दक्षिण अमेरिकेतल्या एका राजधानीत असताना. माय घराबाहेर फारशी पडली नाही. दादा रोज चालायला जायचे आणि येताना रस्त्यावरच्या मुलांशी मराठीत बोलून यायचे. प्रजासत्ताक दिनाच्या रिसेप्शनसाठी मी त्यांना सूट शिवून घेतला होता. दीडशे पाहुणे, हिरवळ, दुपारचं ऊन. दादा एका झाडाखाली ताठ उभे होते, हात मागे बांधून. चाळीस वर्षं ज्या पद्धतीनं उभे राहिले त्याच पद्धतीनं. आमच्या एका वरिष्ठांच्या पत्नी गप्पा मारता मारता त्यांच्यापाशी थांबल्या आणि न बघता रिकामा ग्लास त्यांच्या हातात दिला. दादांनी तो घेतला. मग दुसऱ्या कुणी प्लेट दिली. तीही घेतली आणि दोन्ही आत नेऊन ठेवलं.

मी वीस पावलांवर होते. माझ्यासोबत तिथल्या परराष्ट्र खात्याचे एक उपसचिव होते, आणि आमचं व्यापाराबद्दल बोलणं चाललं होतं. मला जाऊन म्हणता आलं असतं, हे माझे वडील. तीन शब्द. मी व्यापाराबद्दलचं वाक्य पूर्ण केलं.

घरी आल्यावर मी दादांना म्हटलं, "तुम्ही तो ग्लास कशाला घेतला?"

"दिला म्हणून घेतला," ते म्हणाले. "सवय हाय हाताला. तू कावून मनाला लावून घेतीस?"

त्यांनी सूट घडी घालून कपाटात ठेवला तो परत नेलाच नाही. पुढच्या बदलीच्या सामानात तो माझ्याबरोबर फिरत राहिला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

युरोपातल्या तळ्याकाठच्या एका शहरात माझं पोस्टिंग होतं. तिथं आंतरराष्ट्रीय समित्यांच्या बैठका होतात, प्रत्येक देश आपल्या नागरिकांना कसं वागवतो यावर चर्चा होते, आणि प्रत्येक देशाचा माणूस उठून आपल्या देशाची बाजू मांडतो. आमच्या कार्यालयात ते काम माझ्याकडे होतं. त्या आठवड्यात एका समितीपुढं जातीवरून होणाऱ्या भेदभावाचा विषय होता. गुरुवारी आमचं निवेदन होतं. त्याचा मसुदा मीच केला होता. तो सगळ्यांना आवडला होता, कारण त्यात कुठंही राग नव्हता आणि कुठंही कबुली नव्हती.

बुधवारी सकाळी सात वाजता आनंदचा फोन आला. "दादा गेले बग. पहाटंच. झोपेतच गेले." तो शांत होता. मी म्हटलं, उद्याची बैठक सोडून आजच निघते, परवा सकाळी पोचेन. तो म्हणाला, "तू येऊस्तोर ठेवणं जमायचं न्हाई. चार दिस झाले पाऊस हाय, लाईट न्हाई. दुपारी नेतो. तू ये सावकाश."

मी तयार होऊन ऑफिसला गेले. फ्लॅटमध्ये बसून काय करायचं ते कळलं नाही एवढंच.

दहाच्या सुमाराला त्याचा पुन्हा फोन आला. मागं पावसाचा आवाज होता आणि माणसांचा.

"रस्ता अडिवलाय," तो म्हणाला.

आमच्या वस्तीची स्मशानाची जागा ओढ्यापलीकडे आहे. तिथं जायची पायवाट एका शेताच्या बांधावरून जाते. त्या शेतमालकाला आम्ही सगळे तात्या म्हणायचो. माझे आजोबा त्याच वाटेनं गेले, चुलते गेले. दोन वर्षांपूर्वी तात्यानं बांध मोडून ऊस लावला आणि काटेरी तार ओढली. उन्हाळ्यात लांबून, ओढ्याच्या पात्रातून जाता येई. आता ओढा भरून वाहत होता.

"आमी तारेपाशी उभे राहिलोत. दादांना खाली ठिवलंय. तात्या म्हणतोय ऊस तुडवू देणार न्हाई. त्याची माणसं आलीत काठ्या घिऊन." मग त्याचा आवाज पहिल्यांदा बदलला. "त्याची दोनी पोरं दादानं हाताला धरून शाळंत नेली, मित्रा. तू एवढी मोठी साहेब हायस. कर की कुणाला तरी फोन."

मी आमच्या राजदूतांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्चीतून उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. उद्याचं निवेदन दुसरं कुणी वाचेल, असं स्वतःहून म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "फक्त एवढं लक्षात घ्या की ही बातमी झाली, तर ती उद्या त्या सभागृहात असेल. आणि तुमच्या नावासकट असेल. निर्णय तुमचा."

निर्णय माझा होता. त्यांच्यावर मी काही ढकलत नाही.

जिल्ह्यात त्या वेळी मोठ्या हुद्द्यावर असलेला एक अधिकारी मसुरीत माझ्याबरोबर होता. त्याचं पद आणि नाव मी सांगणार नाही. त्यानं दुसऱ्या रिंगला फोन घेतला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मी आत्ता पोलीस पाठवतो. फक्त कसं करायचं ते सांगा. तार काढायला लावली तर तो ऐकणार नाही, गुन्हा नोंदवावा लागेल, अॅट्रॉसिटीची कलमं लागतील. संध्याकाळपर्यंत चॅनेलवाले येतील. तुम्ही म्हणाल तसं."

माझ्या समोर टेबलावर गुरुवारचं निवेदन पडलं होतं. मी म्हटलं, "शांतपणे मिटवा."

हे दोन शब्द मी का बोलले यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बढती जवळ आली होती, हे खरं. पण तेवढंच असतं तर मला स्वतःला ओळखणं सोपं गेलं असतं. त्याहून मोठी भीती वेगळी होती. पंचवीस वर्षं मी त्या खात्यात नुसती एक अधिकारी होण्यासाठी झटले होते. आपली माणसं, आपला विषय, आपलं रडगाणं घेऊन बसणारी बाई, असं कुणी म्हणू नये म्हणून मी प्रत्येक खोलीत सावध बसले होते. आणि दादा चिखलात ठेवलेले असतानाही मी त्या खोलीतच होते.

एक वाजता आनंदचा मेसेज आला. एकच शब्द होता. "झालं."

मी विमानाचं तिकीट शुक्रवार पहाटेचं काढलं आणि गुरुवारी निवेदन मीच वाचलं. राजदूतांनी दुसऱ्या कुणाला द्यायची तयारी दाखवली होती. मीच नको म्हटलं. माझी जागा दुसऱ्यानं घेतली तर लोक का ते विचारतील, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. सभागृहात मागच्या रांगेत संस्थांची माणसं बसतात. त्यात तमिळनाडूतून आलेली एक साठीची बाई होती, साध्या सुती साडीतली. तिनं दुभाष्यामार्फत विचारलं, "आमच्याकडं मेलेल्या माणसालाही वाट मिळत नाही. ती कोण देणार?"

उत्तर देणं माझं काम होतं. मी म्हटलं की आमच्या देशात असे कायदे आहेत, ते कडक आहेत, अशा घटना तुरळक आहेत आणि घडल्याच तर स्थानिक प्रशासन त्यांची तत्काळ दखल घेतं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तत्काळ दखल घेतली जाते हे तर मला आदल्याच दिवशी कळलं होतं. माझा आवाज कापला नाही. बाहेर आल्यावर दोन देशांच्या प्रतिनिधींनी हात मिळवून अभिनंदन केलं. ती बाई जिन्यात भेटली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिला काहीतरी ओळखू आलं, कारण ती माझ्यावर चिडलेली नव्हती.

शनिवारी मी गावात पोचले. बीडहून केलेली गाडी मी वस्तीच्या अलीकडेच थांबवली, कारण रस्त्याच्या कडेला गायरानात काळा डाग दिसला. तिथं दादांना जाळलं होतं. स्मशानात नाही, रस्त्यालगत, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर. लाकडं ओली होती म्हणून डिझेल ओतलं होतं. त्याचा वास पावसानंही गेला नव्हता. मी बराच वेळ तिथं उभी होते. एक टेंपो गेला, त्यातल्या माणसांनी वळून पाहिलं.

घरात माय भिंतीला टेकून बसली होती. बायका बाहेर अंगणात होत्या. मी तिच्या पायाशी बसले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जेवलीस का विचारलं. आनंद आला तेव्हा त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. तो त्यानं माझ्यापुढं ठेवला.

कागदावर चार ओळी होत्या. अंत्यविधी सर्वांच्या संमतीनं पार पडला. रस्त्याबाबत गैरसमज झाला होता, तो दूर झाला. आमची कसलीही तक्रार नाही. खाली आनंदची सही, आणि वस्तीतल्या दोघांचे अंगठे.

"तू सही का केलीस?" मी विचारलं.

"मी करीत नव्हतो. दोन तास न्हाई केली. दादांवर ताडपत्री धरून उभा होतो आन न्हाईच म्हणत होतो. वस्ती सगळी माझ्या मागं होती. मग ते फौजदार मला बाजूला घिऊन गेले." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "म्हणले, तुझ्या बहिणीचाच फोन होता वर. तिचंच म्हणणं हाय शांतपणे मिटवा. ती एवढी शिकलेली, तिला कळत न्हाई का. मग मी काय बोलायचं? सांग तू. मी काय बोलायला पायजे होतं?"

मी कागदाची घडी पुन्हा घातली.

"कावून केलास फोन तसा?" तो म्हणाला. "न्हाई करायचा व्हता तर न्हाई करायचा. आमी बघितलं असतं आमचं. पडले असते दोन-चार दगड. पण दादा त्याच वाटंनं गेले असते."

मग त्यानं खिशातून मोबाईल काढला. गुरुवारच्या बैठकीचं चित्रीकरण समितीच्या वेबसाईटवर असतं. वस्तीतल्या कुणीतरी कॉलेजच्या पोरानं माझं नाव टाकून शोधलं होतं, कौतुकानं. आपली ताई काय बोलते बघू म्हणून. ते चार मिनिटांचं आता सगळ्यांच्या फोनवर होतं. इंग्रजीत होतं, पण ज्यांना समजलं त्यांनी बाकीच्यांना समजावून सांगितलं होतं. आनंदनं ते लावलं आणि फोन मायसमोर धरला. मायनं ते याआधीही पाहिलं असावं, कारण ती पडद्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

संपल्यावर ती म्हणाली, "तुला बोलायला धाडलं व्हतं बाई. गप बसायला आमी हितं व्हतोच."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी रडू शकले असते.

पाच दिवस राहून मी परत गेले. बढती झाली. पुढच्या पोस्टिंगला मी स्वतः राजदूत होते, समुद्रातल्या एका छोट्या देशात. गाडीवर झेंडा होता. आनंद माझा फोन उचलत नव्हता. मायशी शेजारच्या फोनवरून बोलणं व्हायचं, पाऊस झाला का, गुडघा कसा आहे, एवढंच. दादांचं नाव ती काढायची नाही आणि मीही नाही. वस्तीत माझ्याविषयी काय बोललं जातं हे मला कुणी सांगितलं नाही. पण पूर्वी कुणाचा निकाल लागला, कुणाला नोकरी लागली की मला मेसेज यायचे. ते बंद झाले, आणि त्यावरून कळलं.

तुमच्यातले जे बाहेर आहेत त्यांना हे ठाऊक असेल की गाव तुम्हाला एका दिवसात टाकून देत नाही. आधी लग्नपत्रिका उशिरा येते. मग लग्न झाल्यावर येते. मग कुणाचं लग्न झालं हे तुम्हाला फेसबुकवर दिसतं, आणि फोटोत तुमची माय पहिल्या रांगेत बसलेली असते.

दीड वर्षानं, त्या बेटावर एका सकाळी, मी एक पत्र लिहिलं. कुठलाही प्रसंग घडला नव्हता. टेबलावर कोरा कागद होता आणि एरवी दुसऱ्यांसाठी लिहिते तशा भाषेत मी स्वतःविषयी लिहिलं. अमुक दिवशी माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेचा परंपरेचा रस्ता अडवण्यात आला. त्या वेळी मी पदाचा वापर करून प्रकरण दडपायला सांगितलं. माझ्या भावाची सही माझ्या सांगण्यामुळे घेतली गेली, ती त्याच्या इच्छेविरुद्ध होती. तरी रस्त्याची आणि या सर्व प्रकाराची चौकशी व्हावी. खाली माझं नाव आणि हुद्दा. एक प्रत जिल्ह्याला, एक माझ्या खात्याला, एक आनंदला.

मसुरीतल्या त्या सहकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, कशाला?" एवढंच म्हणाला. त्यानं त्या दिवशी जे केलं ते माझ्या शब्दावरून केलं होतं, आणि आता मी त्याच्याही मानेवर सुरी ठेवली होती. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि त्यानंतर त्याचं-माझं बोलणं नाही. माझ्या खात्यानं माझ्याकडे खुलासा मागितला. बेटावरची मुदत संपायच्या आत मला दिल्लीला बोलावलं आणि अभिलेखागाराची जबाबदारी दिली. तिथं जुने तह आणि करार कपाटात लावून ठेवलेले असतात. काम शांत आहे. मी तक्रार केली नाही.

आनंदचं उत्तर आलं नाही. पण चौकशी लागली तेव्हा त्यानं त्या दिवशी राहून गेलेली तक्रार लिहून दिली. मोजणीवाले आले. जुन्या नकाशात ती पायवाट निघाली, ओढ्यापर्यंत, स्पष्ट. तात्या तोवर अंथरुणाला खिळला होता. त्याच्या पोरांनी वकील लावला आणि स्थगिती आणली. आज वाट नकाशावर आहे आणि तार जागेवर आहे. मधल्या काळात वस्तीत दोन माणसं गेली. त्यांनाही रस्त्यालगतच जाळावं लागलं.

गेल्या महिन्यात माझा जबाब घ्यायला मला तालुक्याला बोलावलं. मी आदल्या दिवशी आले आणि लॉजवर उतरले. घरी ये असं कुणी म्हटलं नव्हतं. सकाळी कचेरीत आनंद आधीच येऊन बसला होता. केस पांढरे झालेत त्याचे. मायला आणलं नव्हतं. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, तो उठला नाही. एवढं माझ्यासाठी पुष्कळ होतं. अर्धा तास आम्ही शेजारी बसलो. "मायचा गुडघा?" मी विचारलं. "तसाच हाय," तो म्हणाला. त्यानं स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी प्यायले.

आत बोलावलं तसा आनंदही माझ्या मागून आला. जबाब लिहून घेणारा कारकून तरुण होता, मान खाली घालून भराभर विचारत होता. नाव. मी सांगितलं. वडिलांचं नाव. सांगितलं. वय, धंदा. त्यानं नोकरी असं लिहिलं. मग त्यानं विचारलं, "राहणार?"

मी गावाचं नाव सांगितलं. विचार न करता सांगितलं. जगातल्या कुठल्याही देशात, झोपेतही, मी तेच सांगितलं असतं. आता आठवतं की मसुरीत मात्र नव्हतं सांगितलं.

मागं उभा असलेला आनंद म्हणाला, "न्हाई साहेब. ती हितं राहत न्हाई."

कारकुनानं मान वर केली. आनंदच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दोन वर्षं केस लढताना त्याला कागदाची नजर आली होती. "त्यांचा वकील ह्येच धरील," तो मला म्हणाला. "मतदार यादीत तुझं नाव न्हाई. रेशनकार्डात न्हाई. ग्रामपंचायतीत घर माझ्या नावावर हाय. गावची म्हणून जबाब दिलास आन खोटं निघालं, तर समदं पडंल. दिल्ली लिवू दे."

बरोबरच होतं त्याचं. मी तिथं राहत नाही. मी तिथं राहिले ती वर्षं, नाही राहिले त्या वर्षांपेक्षा कमी आहेत. ज्या घरासाठी मी पत्र लिहिलं, ज्याच्यासाठी मला आज बोलायचं आहे, त्याच्यासाठी माझं बोलणं तेव्हाच खरं धरलं जाईल जेव्हा मी परकी म्हणून बोलेन. पंचवीस वर्षं मी देशाच्या वतीनं जिथं बसले तिथं माझ्या समोर देशाचं नाव लिहिलेली पाटी असायची. इथं माझ्यासमोर कुठल्याच नावाची पाटी नव्हती.

"दिल्ली लिहा," मी कारकुनाला म्हटलं.

"पूर्ण पत्ता?"

मी सरकारी क्वार्टरचा नंबर, ब्लॉक आणि पिनकोड सांगितला. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर ते क्वार्टर मला रिकामं करायचं आहे आणि त्यानंतर कुठं जायचं ते ठरलेलं नाही. कारकुनानं सगळं लिहिलं, वाचून दाखवलं आणि बरोबर आहे का विचारलं.

मी बरोबर आहे म्हटलं आणि सही केली.